सहा गावं, सडपातळ माणसं आणि साखर

“ताई, मी कुठं जाड आहे?”

समोर बसलेल्या गृहस्थांचा प्रश्न रास्त होता. वय ४४, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६३ किलो. शर्ट अंगावर सैल. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ८.१. घर माळकरी, त्यामुळे मांस-मच्छी-अंडी वर्ज्य, दारू-तंबाखूचा तर प्रश्नच नाही. गोडधोड सणासुदीला तेवढं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या आणि आहाराचं बघा म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं. ही चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची असणार, असा त्यांचा चेहरा होता. शेजारी पत्नी. तिच्यामागे शाळेच्या गणवेशातली नववीतली लेक, कंटाळलेली.

(ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

मी टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर. भरली ९४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी ९० आणि बाईसाठी ८० ही हद्द धरतात. “पण पँट तर चौतीसची लागते मला,” ते म्हणाले. पँट पोटाच्या खाली बांधायची सोय असते, त्यामुळे शिंप्याचं माप इथे कामाचं नाही. मग मी बीएमआय काढला, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं. उत्तर आलं २२.३, आणि मला हसू आलं.

मधुमेहाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटं टिपण छापून आलं होतं. त्यात दोन डॉक्टरांचा जोडीनं काढलेला फोटो आहे. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी यंत्रावर मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. दोन्ही आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर ‘वाय’, म्हणून याचं नाव पडलं ‘वाय-वाय पॅराडॉक्स’. लंडनचे डॉक्टर मॅरेथॉन पळतात आणि पुण्याचे डॉक्टर सकाळी लिफ्टचं दार लागायच्या आत पोचण्यासाठी पळतात, अशी मिश्कील कबुलीही त्यात दिलेली आहे. पण त्याला लागूनच एक गंभीर गोष्ट आहे: याज्ञिक यांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

माझ्यासमोरच्या गृहस्थांना मी हा फोटो मोबाइलवर दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला. “म्हणजे काटा खोटं बोलतो?”

काटा खोटं बोलत नाही, त्याला फक्त बेरीज कळते. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगायला पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट सांगावी लागते. या लेखाचं खरं प्रकरण तेच आहे, आमचे पाहुणे हे निमित्त.

चिमटा आणि तान्हं बाळ

डेव्हिड बार्कर हे इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे साथरोगतज्ज्ञ. जुन्या जन्मनोंदी उकरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की, जन्मतः लहानखुऱ्या असलेल्या माणसांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. आपल्याकडे तर लहानखुरी बाळंच जास्त. म्हणून केईएमच्या मधुमेह विभागानं साउथॅम्प्टनच्या मंडळींबरोबर १९९३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सहा शेतकरी गावांत अभ्यास सुरू केला. त्याचं नाव ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’.

या अभ्यासाची चिकाटी मला फार आवडते. बाई गरोदर राहिल्यावर तिच्या मागे लागायचं नाही, तर लग्न झालेल्या बायांची आधीपासूनच नोंद ठेवायची. दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारायची, ठरावीक अंतरानं वजन-मापं घ्यायची. दिवस गेले की काय खाते, किती खाते, किती राबते, हे सगळं लिहून घ्यायचं. अशा रीतीनं सातशेहून जास्त बाळंतपणांची सुरुवातीपासूनची नोंद जमली. आई साधारण २१ वर्षांची, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलोच्या आतबाहेर, बीएमआय १८.१. म्हणजे पुस्तकी हिशेबानं ती जेमतेम ‘कमी वजना’च्या रेषेखाली. दिवसाला पोटात जायचं १,८०० किलोकॅलरीच्या आसपास आणि प्रथिनं ४५ ग्रॅम. वर शेतातली कामं, पाणी वाहणं, धुणी-भांडी.

बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत मापं. वजन, लांबी, डोक्याचा घेर, दंडाचा घेर, पोटाचा घेर. शिवाय एक विशेष माप: पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या हाडाखाली बोटांनी कातडी हलकेच चिमटीत धरायची आणि कॅलिपर नावाचा चिमटा लावून त्या घडीची जाडी मिलिमीटरमध्ये वाचायची. कातडीखालची चरबी किती, याचा तो अंदाज. दोन-तीन दिवसांच्या बाळाच्या पाठीवर हे करायचं म्हणजे हात केवढा हलका लागत असेल!

गावातल्या बाळाचं सरासरी वजन निघालं २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळाचं जवळजवळ साडेतीन. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत त्याच प्रमाणात लहान असेल, असं कुणीही धरून चाललं असतं. तसं नव्हतं. पोटाचा घेर खूप लहान, कारण यकृतासारखे आतले अवयव लहान. दंड बारीक, कारण स्नायू कमी. पाठीवरची चरबी मात्र जवळपास इंग्लिश बाळाइतकी. सातआठशे ग्रॅमची जी तूट होती, ती स्नायूंच्या आणि अवयवांच्या खात्यातून वळती झाली होती. चरबीच्या खात्याला फारसा हात लागला नव्हता. नंतर नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा त्यातलं इन्सुलिनही इंग्लिश बाळांपेक्षा जास्त निघालं. इंग्रजीत याला ‘थिन-फॅट’ म्हणतात. मराठीत मी ‘वरून काटकुळं, आतून चरबीदार’ म्हणते. शब्द जरा लांबतो, पण पेशंटला चटकन समजतो.

याचा साखरेशी संबंध काय? जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदामच लहान असेल, तर माल रस्त्यावर राहतो. उरलेल्याची चरबी होते. ती पोटात, यकृतात, स्वादुपिंडात साठायला लागली की यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि स्वादुपिंड थकतं. युरोपियन माणसाला त्या टोकाला जायला ९५ किलो व्हावं लागत असेल, आपल्याकडचा माणूस ६३ किलोवरच तिथे पोचतो.

कढईत काय होतं

आहाराच्या दृष्टीनं या अभ्यासातला सगळ्यात रंजक भाग इथे आहे. आईनं एकूण किती कॅलरी घेतल्या, किती प्रथिनं घेतली, याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो तीन साध्या गोष्टींशी: पालेभाजी किती वेळा, फळं किती वेळा, दूध किती वेळा. मेथी, चाकवत, राजगिरा, शेपू जिच्या जेवणात वारंवार, तिचं बाळ मोठं. पोट भरण्यापुरती भाकरी बहुतेकींना मिळत होती. भाकरीबरोबर जे यायला हवं, ते येत नव्हतं.

कुठल्याही खेड्यातल्या स्वयंपाकघरात दुपारी दोन वाजता डोकावलं तर याचं कारण दिसतं. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर घरची सून चुलीजवळ बसते. टोपल्यात भाकरी असतेच, कारण भाकरी हिशेबानं दोन जास्तच थापलेली. पातेल्यात आमटीचं वरचं पाणी, डाळ आधीच वाढून संपलेली. भाजी कढईला लागलेली, ती भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची. वर ठेचा. दुभती म्हैस दारात असली तरी सकाळचं दूध डेअरीला गेलेलं, उरलेलं चहाला. लहानपणी आजोळी मी हे रोज पाहिलं आहे आणि तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्यातून पुढची गोष्ट निघाली. यातल्या दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ वनस्पतींत नसतं. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून येतं. शाकाहारी घरात दूध हा एकच मार्ग, आणि तो डेअरीकडे वळलेला. उलट फोलेटची, म्हणजे पालेभाजीतून आणि सरकारी लाल गोळीतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाची कमतरता साऱ्या गटात एकाच बाईला होती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्या मुलांत इन्सुलिनला होणारा विरोध सगळ्यात जास्त आढळला. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. (हे वाचून कुणी गरोदरपणातली फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे दोष ती टाळते. मुद्दा इतकाच की जोडीला बी-१२ सुद्धा हवं.)

आकडे जुळले म्हणजे एकामुळेच दुसरं झालं असं सिद्ध होत नाही, हेही इथेच सांगायला हवं. पालेभाजी वारंवार खाणारी बाई घरात मानाची, थोडी बऱ्या परिस्थितीतली असू शकते. म्हणूनच पुण्याच्या गटानं पुढे खऱ्याखुऱ्या चाचणीचा मार्ग धरला. २०१२ मध्ये याच मुलामुलींना, ती किशोरवयात असताना, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला. हे प्रमाण औषधाचं नाही, अन्नातून मिळायला हवं तेवढंच आहे.

आणि मग ती मुलं १८ वर्षांची झाली. २०२१ मध्ये आलेला हा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत वर जाऊन आकडा तपासला होता. जवळपास निम्मी मुलं-मुली, ४८ टक्के, कमी वजनाची. बीएमआय साडेअठराच्या खाली. तरीही ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर हद्दीच्या वर होती. अठराव्या वर्षी. ज्यांची सहाव्या आणि बाराव्या वर्षी उपाशीपोटीची साखर इतरांपेक्षा जरा वरच्या अंगाला होती, त्यांतलीच बरीचशी यात सापडली. चिप्स-कोला खाऊन सुटलेली शहरी पोरं म्हणजे मधुमेह, हे चित्र या गावांत लागू पडत नाही.

देशभराचं चित्र बघितलं तरी हाच सूर ऐकू येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, एक लाख तेरा हजार माणसांच्या पाहणीचे निकाल २०२३ मध्ये आले. मधुमेह ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे अंदाजे १० कोटी १० लाख. गोवा २६.४ टक्क्यांसह सगळ्यांत पुढे. बीएमआयनुसार लठ्ठ २८.६ टक्के, पण पोटाच्या घेरानुसार लठ्ठ ३९.५ टक्के. दोन्हींमधल्या फरकात आमचे पाहुणे बसतात. म्हणूनच आपल्यासाठी जाडीच्या रेषा खाली ओढल्या आहेत: २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. पण नुसत्या या रेषांवर विसंबलं, तरी २२.३ सुटतोच. टेप हवीच.

परत त्या टेबलाशी

त्यांचा दिवसभराचा आहार लिहून घेतला. सकाळी चहा आणि चार बटर. डब्यात चार चपात्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी. पाचला पतसंस्थेत चहा आणि चिवडा. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या, पातळ आमटी, भात. आठवड्यात दोन उपवास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि रताळं. प्रथिनांचा हिशेब केला तर ४०-४२ ग्रॅम. तीस वर्षांपूर्वी त्या गावांतली गरोदर बाई ४५ ग्रॅम घेत होती. पातळ आमटीबद्दल माझं एक ठाम मत आहे: दोन चमचे डाळीत पाच माणसांची आमटी करणं ही कला आहे, पण ती डाळ खाल्ली असं मोजू नये.

“पण ताई, आम्ही भाकरी खातो. भाकरीनं साखर वाढत नाही ना?”

हा प्रश्न येणार, हे मला माहीत होतं. ज्वारीत तंतू जास्त, ती चांगलीच. पण भाकरी हे पिष्टमयच अन्न आहे. आयसीएमआरच्याच पाहणीतून २०२५ मध्ये पुढे आलं की भारतीय ताटातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. भात काढून त्या जागी तेवढीच गव्हाची किंवा भरडधान्याची पोळी-भाकरी आणली, तर धोका कमी होताना दिसला नाही. कर्बोदकांचा थोडासा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यांतली किंवा दुधा-दह्यातली प्रथिनं आणली, तेव्हा कमी होताना दिसला. म्हणजे चपातीची भाकरी करून भागत नाही. एक कमी करून तिच्या जागी उसळ यायला हवी.

आम्ही ठरवलं ते असं. सकाळी बटर बंद, मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही. डब्यात दोनच चपात्या, मटकी किंवा चवळीची घट्ट उसळ मोठ्या वाटीनं, शिवाय कोशिंबीर. पाचला चिवड्याऐवजी फुटाणे. रात्री एक भाकरी, पालेभाजी पीठ पेरून किंवा डाळ घालून, आणि आमटी नव्हे तर वरण, ज्यात पळी उभी राहील. भात रविवारी. उपवास सोडा असं मी कधी सांगत नाही, सांगून कुणी ऐकतही नाही. साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही, शेंगदाणे यांवर तडजोड झाली. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. आणि दिवसाआड दंड-बैठका, कारण गोदाम वाढवल्याशिवाय माल कुठे ठेवणार? गोळ्या चालू असताना खाणं कमी केलं की साखर फार खाली जाऊ शकते. त्यामुळे हे सगळं त्यांच्या डॉक्टरांना कळवून केलं. बी-१२ तपासायचंही मी सुचवलं. ते कमीच निघालं. मधुमेहाची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली की बी-१२ आणखी घसरतं, त्यामुळे शाकाहारी माणसानं हे दरवर्षी बघावं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली.

वजन कमी करायचं म्हटल्यावर पत्नी दचकल्या. “आधीच एवढेसे दिसतात, अजून काय कमी करायचं?” सासूबाई काय म्हणतील, ही भीती त्या न बोललेल्या वाक्यात होती. मी त्यांना ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांचं काम सांगितलं. टेलर यांचं म्हणणं असं, की चरबी सोसायची प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. ती ओलांडली की आजार होतो, मग काटा काहीही दाखवो. त्यांनी २७ पेक्षा कमी बीएमआय असलेले २० मधुमेही घेतले. त्यांचं वजन सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास उतरवलं. २० पैकी १४ जणांचा मधुमेह औषधाविना मागे हटला. प्रयोग लहान आहे, माणसं ब्रिटनमधली आहेत, आणि नवा मधुमेह असेल तेव्हा हे जास्त साधतं. आपल्या माणसावर ते जसंच्या तसं लागू होईल, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे स्नायू आधीच कमी, त्यामुळे उपाशी राहून वजन उतरवलं तर गोदाम आणखी आटतं. म्हणून प्रथिनं आणि दंड-बैठका आधी, काटा नंतर.

सहा महिन्यांनी वजन ५८ किलो, कंबर ८७, एचबीएवनसी ६.४. एक गोळी डॉक्टरांनी बंद केली, एक चालू आहे. औषधाविना निदान तीन महिने साडेसहाच्या खाली राहिलं तरच मधुमेह मागे हटला असं म्हणतात, तेव्हा तसं म्हणता येणार नाही. दिवाळीत साखर वाढली होती, लग्नसराईत परत वाढेल. दंड-बैठका दोनदा सुटल्या आणि दोनदा सुरू झाल्या. गावाकडे “पोरगं खंगलं” अशी कुजबुज झाली ती झालीच.

पण त्या पहिल्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. सगळं लिहून झाल्यावर माझं लक्ष मागच्या मुलीकडे गेलं. वय १४, हातापायाच्या काड्या. तिला पुढे बोलावून विचारलं, सकाळी काय खातेस? चहा-टोस्ट. डब्यात? चपाती-भाजी. दूध घेतेस का?

तिनं आईकडे पाहिलं. “दूध दादाला असतं.”

आई काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. मी टेबलावरून दुसरा कोरा कागद घेतला आणि वर मुलीचं नाव लिहिलं.